गळाचे रीळ आणि त्याचे वंगण

जुन्या यंत्रांच्या जीर्णोद्धाराचा विचार होतो तेव्हा धातू, लाकूड, मुलामा, घडण आणि कारागिराची मुद्रा यांकडे अभ्यासकांचे लक्ष सहज जाते. त्या यंत्रात कोणते तेल घातले जात असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. याचे कारण उघड आहे. तेल हा यंत्राचा भाग मानला जात नाही. ते येते, काम करते, उडून किंवा गळून जाते, आणि मागे राहिलेच तर मळ म्हणून राहते. परंतु तो मळ कसला आहे हे ज्याला कळत नाही, त्याच्या हातून जुने यंत्र सुधारण्याऐवजी बिघडण्याचाच संभव अधिक. गळाने मासे धरण्याच्या काठीवर दोरी गुंडाळण्यासाठी जे लहानसे यंत्र बसवतात, ते या दृष्टीने विशेष अभ्यसनीय आहे. शंभर-दीडशे वर्षांपूर्वी घडवलेली अशी रिळे आज युरोप-अमेरिकेतील संग्राहकांच्या हाती आहेत. ती उघडली जातात, धुतली जातात, पुन्हा जोडली जातात. आणि आता यात घालावयाचे काय, हा प्रश्न शेवटी उरतोच. त्याचे उत्तर बाजारातील बाटल्यांवरील मजकुरात शोधण्यापेक्षा त्या रिळाच्या कुळात शोधणे अधिक श्रेयस्कर ठरते.

कुळाचा विचार नावापासून आरंभिला तर काही गोष्टी चटकन लक्षात येतात. इंग्रजीतील ‘रील’ हा शब्द मासेमारीचा नव्हे, तो सूतकताईचा आहे. प्राचीन इंग्रजीत त्याचा अर्थ सूत गुंडाळण्याचे साधन असा होता, आणि मराठीत शिवणाच्या दोऱ्याचे ‘रीळ’ जे आले ते याच मूळ अर्थाने आले. स्कॉटलंडात गळाच्या रिळाला ‘पर्न’ म्हणत. पर्न म्हणजे कोष्ट्याच्या धोट्यात बसणारी बाण्याची कांडी. उलट फ्रेंच भाषेत याच वस्तूला ‘मुलिने’ आणि इटालियनमध्ये ‘मुलिनेल्लो’ म्हणतात. दोन्हींचा मूळ अर्थ लहानशी चक्की. जुन्या इंग्रजी ग्रंथांतून ‘विंच’ हाही शब्द आढळतो, त्यात मूठ धरून फिरवावयाच्या यंत्राचीच कल्पना आहे. एका बाजूला सुताची कांडी, दुसऱ्या बाजूला फिरते यंत्र. केवळ नावांवरून इतिहास सिद्ध होत नाही हे खरे. पण येथे नावांनी दाखवलेली दिशा चुकीची नाही. रिळाच्या इतिहासात सूत गुंडाळणाऱ्यांची कारागिरी आणि दात्यांची चाके घडवणाऱ्यांची कारागिरी या दोन परंपरा शेवटपर्यंत वेगळ्या ओळखू येतात, आणि दोहोंचे वंगण एक नव्हते.

रिळाचे सर्वांत परिचित असे जुने चित्र चीनमधील आहे. सुंग काळातील चित्रकार मा युआन याने ११९५ च्या सुमारास काढलेल्या, थंडीच्या दिवसांत तळ्यावर एकटाच होडीत बसलेल्या कोळ्याच्या चित्रात काठीवरचे चाक स्पष्ट दिसते. इंग्लंडात टॉमस बार्करने १६५१ मध्ये अशा चाकाचा उल्लेख केला, आणि आयझॅक वॉल्टनच्या प्रसिद्ध ग्रंथाच्या १६५५ च्या दुसऱ्या आवृत्तीत सॅमन माशाच्या संदर्भात ते आले आहे. ही चाके साधी होती. मुठीचा एक फेरा म्हणजे फिरकीचा एक फेरा. असा आस हळू फिरतो, त्यावर भार थोडा असतो, आणि त्याला काय लावले याने फारसा फरक पडत नाही. आपल्याकडे बैलगाडीच्या कण्याला एरंडेल किंवा हाताशी असेल ते वंगण घालीत, त्यातलाच हा प्रकार. वंगण बदलावयाचे झाले तर जुने पुसून नवे फासावयाचे, एवढेच.

सुताच्या परंपरेतील दोन ठळक टप्पे इंग्लंडातच आढळतात. लेस विणण्याच्या उद्योगासाठी विख्यात असलेल्या नॉटिंगहॅम शहरात एकोणिसाव्या शतकात लाकडी रिळे होऊ लागली. ती नदीच्या प्रवाहाबरोबर दोरी मोकळी सोडता यावी इतकी हलकी फिरत. त्यांचा शत्रू पाणी. लाकूड भिजले की फुगते आणि फिरकी पाठीच्या फळीला घासू लागते. अशा रिळात तेल जास्त झाले तर ते आसावरून लाकडात मुरते, लाकूड काळवंडते आणि मूळ पॉलिश सुटते. म्हणून जुने लाकडी रीळ उघडणाऱ्याने पोलादी आसावर तेलाचा पातळ थर, तोही कापडाने पुसून घेतलेला, एवढ्यावर थांबावे हे बरे. दुसरा टप्पा ब्रॅडफर्डचा. तेथील लोकर-उद्योगातील आल्फ्रेड होल्डन इलिंगवर्थ याने १९०५ मध्ये एका नव्या रिळाचे एकस्व घेतले. सूतगिरणीतील चात्यांवरून सूत कसे निघते हे त्याच्या रोजच्या पाहण्यातले होते. चाती न फिरता तिच्या टोकावरून सूत सुटते, त्याचप्रमाणे फिरकी स्थिर ठेवून दोरी तिच्या कडेवरून सुटू द्यावयाची, ही त्याची कल्पना. दोरी फेकताना काहीच फिरत नसल्यामुळे वंगणाचा त्या क्रियेशी संबंधच उरला नाही. वंगणाचे काम केवळ दोरी परत गुंडाळण्याच्या वेळचे राहिले. पुढे येणाऱ्या ग्रीसने भरलेल्या रिळांचे बीज येथे आहे.

दात्यांच्या चाकांची परंपरा याहून कितीतरी अधिक नाजूक, आणि वंगणाचा खरा इतिहास तिच्यातच घडला. मुठीच्या एका फेऱ्यात फिरकीचे अनेक फेरे व्हावेत अशी ‘गुणक’ रिळे लंडनचा व्यापारी ओनेसिमस उस्टन्सन १७७० च्या सुमारास विकत होता. परंतु त्यांचे दाते ओबडधोबड असत, लवकर झिजत, आणि इंग्लंडात त्यांचे नाव खराब झाले ते बराच काळ खराबच राहिले. हीच कल्पना अमेरिकेतील केंटकी राज्यात घड्याळजींच्या हाती पडली आणि तिचे रूप पालटले. पॅरिस नावाच्या तेथील लहान गावातील जॉर्ज स्नायडर हा घड्याळजी व चांदीकाम करणारा कारागीर होता. १८२० च्या सुमारास त्याने पितळी चाकांचे गुणक रीळ घडवले. त्यानंतर फ्रँकफर्ट गावचे जोनाथन मीक आणि बेंजामिन मीक हे बंधू व त्यांच्याकडे शिकलेला बेंजामिन मायलम यांनी ही कला पूर्णत्वास नेली. हे सारे घड्याळांच्या दुकानात बसणारे लोक. दाते कापण्याची त्यांची पद्धत घड्याळाची, आसाच्या टोकांची घडण घड्याळाची. उत्तम प्रतीच्या काही रिळांत तर त्यांनी टोकांखाली घड्याळातल्याप्रमाणे मणीही बसवले. अनेक रिळांत प्रत्येक स्क्रूवर आणि त्याच्या भोकाशेजारी जुळणारा अंक कोरलेला असतो. अशा रिळाचे स्क्रू एकत्र ओतून ठेवणाऱ्याने पहिल्याच पायरीवर चूक केली असे समजावे.

केंटकीच्या रिळात फिरकी मुठीच्या एका फेऱ्याला साधारणपणे चार वेळा फिरते. पण आमिष फेकताना याच्या उलट घडते. फिरकी दोरीच्या ओढीने मिनिटाला काही हजार फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि चाके व मूठ यांना आपल्यामागे ओढते. आमिषाचे वजन थोडे, म्हणून ओढ थोडी. वंगण जरासे दाट झाले की फेक आखूड पडते. वंगण फार पातळ झाले की दुसरी आपत्ती. आमिष पाण्यावर पडून थांबते आणि फिरकी मात्र फिरतच राहते. पतंगाची फिरकी हातातून निसटली की मांज्याचा जो गुंता होतो तसाच गुंता येथे होतो. म्हणून जाणते लोक तेलाच्या दाटपणाचा उपयोग लगामासारखा करीत आले आहेत. यंत्राला तेल जितके पातळ तितके चांगले, हा समज येथे टिकत नाही.

घड्याळजीने घडवलेल्या वस्तूत घड्याळाचे तेल जावे हे ओघानेच आले. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत घड्याळाचे उत्कृष्ट तेल म्हणजे समुद्री सस्तन प्राण्यांच्या डोक्यातील व जबड्यातील चरबीपासून काढलेले तेल होय. मॅसॅच्युसेट्स राज्यातील न्यू बेडफर्ड हे देवमाशांच्या शिकारीचे मोठे बंदर. तेथील एझ्रा केली आणि विल्यम नाय यांची तेले घड्याळजींना सर्वत्र परिचित होती. पॉर्पॉइज आणि पायलट व्हेल यांच्या जबड्याच्या पोकळीतील चरबी वेगळी काढीत, तिचे तेल थंडीत गोठवून गाळीत, आणि थिजणारा भाग मागे राहून जे निथळे ते बाटलीत भरीत. याच्या जोडीला स्पर्म देवमाशाचे तेल होते. ते तुलनेने स्वस्त, आणि बंदुका, शिवणयंत्रे, चात्या यांसाठी विपुल वापरात.

या तेलांची ख्याती निराधार नव्हती. तीळ, करडई, जवस यांची तेले आणि सामान्य देवमाशाचे तेलही ग्लिसरीन व स्निग्ध आम्ले यांच्या संयोगाने बनलेले असते. स्पर्म देवमाशाचे तेल मुख्यतः द्रव मेण आहे. त्यात ग्लिसरीनचा वाटा अल्प. ते हवेत सहज चिकट होत नाही, थंडीतही त्याचा पातळपणा बराचसा टिकतो, आणि धातूवर त्याचा थर घट्ट धरून राहतो. संस्कृतात तेलाला ‘स्नेह’ म्हणतात आणि त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ चिकटणे असा आहे. निसरडेपणा हा तेलाचा गुण आपल्याला आधी दिसतो. पण जे धातूला चिकटून राहत नाही ते वंगण होऊ शकत नाही, हे त्या शब्दात आधीच सांगून ठेवलेले आहे. घड्याळजींनाही हा अनुभव होता. आसाच्या टोकाभोवती लहानशी वाटी कोरून तेलाचा थेंब तेथेच धरून ठेवण्याची युक्ती अठराव्या शतकापासून त्यांच्या व्यवसायात होती. अशा ठिकाणी थेंब टाचणीच्या डोक्याहून मोठा झाला की तो वाटीच्या काठाबाहेर जातो, आणि एकदा बाहेर गेला की पसरत जाऊन टोक कोरडे पाडतो. जादा तेलामुळे आस कोरडा पडतो, हे ऐकणाऱ्याला विचित्र वाटते. परंतु घड्याळदुरुस्तीत हा नित्याचा अनुभव आहे.

रिळाचे मालक काही घड्याळजी नव्हते. हाताशी असेल ते तेल त्यांनी घातले, आणि जुनी रिळे उघडली असता जो मळ सापडतो तो बहुधा याच तेलांचा असतो. तो दोन प्रकारचा असतो. एक पिवळट-तपकिरी, वार्निशासारखा कडक थर. हवेतील प्राणवायू शोषून जी तेले घट्ट होतात त्यांचे हे काम. करडईचे तेल या वर्गातले आहे. महाराष्ट्रात ते तापवून त्याचे ‘रोगण’ करीत आणि विहिरीच्या मोटेला व दोरांना लावीत, कारण ते घट्ट होऊन पाणी अडवते. मोटेला जे हितकर तेच आसाला घातक. इंग्लंडात जवसाच्या तेलाने गळाची रेशमी दोरी पक्की करीत, म्हणजे एकाच काठीवर दोरीला हवे असलेले तेल तिच्यापासून दोन बोटे अंतरावर असलेल्या चाकाला अगदी नको असलेले होते. डब्यातील तेलाचा हात पुसता पुसता ते रिळाला लागले नसेल असे कोण म्हणेल?

दुसरा मळ हिरवा. पितळ किंवा जर्मन सिल्व्हर यांच्या रिळात चाकांच्या बुडाशी, स्क्रूंच्या माथ्यांभोवती तो मेणासारखा साचलेला असतो. पुष्कळांना तो पाण्यामुळे आलेला गंज वाटतो. वस्तुतः जुन्या तेलातील आम्ले मोकळी होऊन त्यांनी तांब्यावर क्रिया केली, तिचे ते फळ आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले तर ते कळकते हे महाराष्ट्रातील कोणत्याही गृहिणीला सांगावे लागत नाही. रिळात तीच क्रिया वर्षानुवर्षे सावकाश चाललेली असते. यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. त्या हिरव्या थराच्या वर नवे तेल सोडणे व्यर्थ होय, कारण नवे तेल त्या आम्लांत मिसळून पुढचे कामच सुरू करते. आधी तो पूर्ण काढला पाहिजे.

काढावयाचा कसा, हाही प्रश्न सोपा नाही. घड्याळजींची जुनी द्रावणे अमोनियायुक्त असत, आणि पितळ त्यांनी लखलखीत होते. पण ज्या पितळावर घडणीचा ताण शिल्लक आहे ते अमोनियाने तडकते. हिंदुस्थानातील इंग्रजी सैन्याची पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांतून ठेवली असता तडकत, आणि घोड्यांच्या मुताच्या अमोनियामुळे ते घडते हे १९२१ मध्ये स्पष्ट झाले. पत्र्यातून वळवून केलेल्या रिळाच्या कड्यांना हाच धोका आहे. न्यूयॉर्कच्या फोम होफ घराण्याच्या रिळांत जर्मन सिल्व्हरच्या जोडीला कठीण काळ्या रबराच्या बाजू असतात. त्या गरम पाण्यात टाकल्या किंवा उन्हात वाळवल्या की त्यांचा काळा रंग जाऊन विटका तपकिरी-हिरवा येतो, आणि तो परत फिरत नाही. रबर वेगळे काढून कोमट पाणी व सौम्य साबण, आणि पितळासाठी घासलेट व मऊ कुंचला, याहून तीव्र उपाय बहुधा लागत नाहीत. ज्यांना घाई असते तेच ॲसिटोनकडे वळतात, आणि सेल्युलॉइडची मूठ विरघळल्यावर थांबतात.

खनिज तेलाचा प्रवेश एकाच वाटेने झाला नाही. १८५९ मध्ये पेनसिल्व्हेनियात ड्रेकची विहीर लागण्यापूर्वीच ब्रह्मदेशातील येनांजाउंगचे तेल ‘रंगून ऑइल’ म्हणून इंग्लंडात पोचले होते आणि बंदुका पुसण्यासाठी ते नावाजले गेले. उत्तर इंग्लंडातील ॲनिक गावच्या हार्डी बंधूंनी १८७२ मध्ये आपला धंदा सुरू केला तो बंदुकांचाच. ‘पर्फेक्ट’ नावाचे, पोलादी गोळ्यांच्या बेअरिंगवर फिरणारे त्यांचे रीळ १८९१ मध्ये बाजारात आले. बंदुकीच्या नळीला जे हवे असते, म्हणजे ओलाव्यापासून बचाव, तेच पोलादी गोळ्यांनाही हवे असते. या घराण्याची रिळे घड्याळाच्या कुळातली नाहीत हे ध्यानी ठेवले म्हणजे त्यांत थोडे दाट, गंजरोधक तेल का शोभते ते कळते. अमेरिकेत न्यू जर्सीच्या जॉर्ज कोलने १८९४ मध्ये सायकलींसाठी ‘थ्री-इन-वन’ तेल काढले, आणि ते घरोघर गेले तसे रिळांतही गेले. मराठीतील ‘रॉकेल’ हा शब्द ‘रॉक ऑइल’पासून आला. तिळापासून ‘तैल’ आणि ऑलिव्हपासून ‘ऑइल’ असे बीजाफळांवरून नाव पडलेल्या वस्तूत दगडाचे तेल येऊन बसले याची खूण तेवढ्या एका शब्दात उरली आहे.

खनिज तेल आंबत नाही, हा त्याचा मोठा गुण. पितळ त्याने हिरवे होत नाही. पण ते स्वच्छ धातूवर पसरत जाते, जागा सोडते, आणि जड भाराखाली त्याचा थर लवकर तुटतो. म्हणून खनिज तेलात थोडे प्राणिज तेल मिसळण्याची प्रथा पडली, आणि ते मिसळावयाचे तेल पुष्कळदा स्पर्म देवमाशाचेच असे. मोटारींच्या स्वयंचलित गिअरपेट्यांच्या द्रवातही ते घालीत. देवमाशाची शिकार दिव्याच्या तेलासाठी होती, विजेमुळे ती संपली, असा सर्वसाधारण समज आहे. वंगणासाठी ती त्यानंतरही अनेक दशके चालू राहिली, हे त्या समजात बसत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यास रिळांचे कारखाने मोठे झाले, आणि आश्चर्याची गोष्ट अशी की त्यांतील दोन अग्रगण्य कारखाने पुन्हा घड्याळांच्याच घरातून निघाले. फ्रान्समधील क्लूझ हे आर्व्ह नदीच्या खोऱ्यातले गाव घड्याळांच्या भागांसाठी प्रसिद्ध. तेथे १८४८ पासून घड्याळकलेची शाळा होती. याच गावी कार्पानो व पोन्स यांच्या कारखान्यात ‘मिचेल’ रीळ तयार झाले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ते जगभर गेले. स्वीडनमधील स्वेंग्स्टा येथील ‘आबू’ या कंपनीचे मूळ नाव ‘आक्तिएबोलागेत उरफाब्रिकेन’, म्हणजे घड्याळांचा कारखाना. १९२१ मध्ये ती स्थापन झाली. खिशातली घड्याळे आणि टॅक्सीचे मीटर ती करीत असे. युद्धकाळात टॅक्सीमीटरचा धंदा बसला तेव्हा १९४१ मध्ये तिने रिळे करावयास घेतली. एकाच कुळातून आलेल्या या दोन रिळांचे वंगण मात्र अगदी भिन्न आहे. आबूचे ‘अम्बासादर’ रीळ केंटकीच्या जातीचे, फिरत्या फिरकीचे. त्याच्या चामडी डबीत तेलाची इवलीशी नळी दिलेली असे. मिचेल हे इलिंगवर्थच्या जातीचे, स्थिर फिरकीचे. त्याची पेटी ग्रीसने भरावयाची. कारखाना कोणाचा, यापेक्षा फेकताना काय फिरते, हा प्रश्न येथे निर्णायक ठरतो.

ग्रीस म्हणजे साबणात धरून ठेवलेले तेल. हे एकदा समजले म्हणजे जुन्या मिचेलच्या पेटीत सापडणारा पिवळा कडक गोळा कशाचा हे कोडे राहत नाही. पन्नास-साठ वर्षांत तेल पाझरून गेले, साबण उरला. त्यात नवे तेल ओतून तो मऊ करण्याचा मोह पुष्कळांना होतो. तसे केल्यास गोळ्याचे तुकडे सुटून दात्यांत जातात. तो खरवडून काढावा, पेटी धुवावी, आणि नवे ग्रीस दात्यांच्या मुळांशी भरावे. पेटी काठोकाठ भरू नये. पाठीमागे फिरण्यास अटकाव करणारी जी लहान कळ व तिची कमान असते, तिच्यावर ग्रीस लागले तर थंडीत कळ पडतच नाही. तेथे तेलाचा एक थेंब पुरे. शिवणयंत्रात खोबरेल घातल्याने हिवाळ्यात यंत्र जड होते हा आपल्याकडील शिंप्यांचा अनुभव याच जातीचा आहे.

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म देवमाशाला संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत घेतले आणि त्याच्या तेलाची आयात थांबली. १९७२ च्या कायद्याने इतर समुद्री सस्तन प्राण्यांनाही संरक्षण मिळाले. त्यानंतर जुन्या पुस्तिकेतील सूचना अक्षरशः पाळणे अशक्य झाले, आणि ते योग्यच झाले. जुन्या यंत्राच्या निष्ठेपोटी जुन्या बाटल्या शोधीत फिरणारे संग्राहक आहेत. त्यांची निष्ठा समजण्यासारखी असली तरी तिचा विषय चुकला आहे. मीक बंधूंना देवमासा नको होता. न आंबणारा, न पसरणारा, थंडीत न थिजणारा थेंब हवा होता. तो थेंब आता दुसरीकडून मिळतो. मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरील सोनोरा वाळवंटात होहोबा नावाचे झुडूप उगवते. त्याच्या बियांतील तेल हे तेल नसून स्पर्म देवमाशाच्या तेलासारखेच द्रव मेण आहे, हे १९३० नंतरच्या दशकात ॲरिझोना विद्यापीठात आढळून आले होते. आयात थांबल्यावर त्या शोधाला अर्थ आला. घड्याळजींसाठी प्रयोगशाळेत बनवलेली कृत्रिम तेलेही आली, आणि न्यू बेडफर्डचे नाय हे जुने नावही पुढे त्याच उद्योगात दिसते. केंटकीच्या रिळाच्या टोकांना असे घड्याळाचे कृत्रिम तेल, त्याच्या दात्यांना थोडे दाट तेल किंवा अत्यंत मऊ ग्रीसचा पुसट हात, एवढे पुरते.

समुद्रातील मोठ्या माशांच्या रिळांत मात्र वंगणाला याच्या उलट परीक्षा द्यावी लागते. कॅलिफोर्नियाच्या सांता कॅटालिना बेटावर १८९८ मध्ये ट्यूना क्लबाची स्थापना झाली. त्या काळी धावत्या माशाची दोरी अडवावयाची ती फिरकीवर चामड्याची पट्टी अंगठ्याने दाबून. विल्यम बोशन याच्या कल्पनेवरून ज्यूलियस फोम होफ याने रिळाच्या आतच घर्षणाचा रोध बसवला, आणि १९१३ मध्ये बोशनने त्या रिळावर तलवारमासा धरला. पुढे फिलाडेल्फियात ऑटो हेन्झे याने १९३२ मध्ये सुरू केलेल्या ‘पेन’ कंपनीने ही रचना सर्वसामान्यांच्या हाती दिली. येथे चकत्या एकमेकींवर दाबून घर्षण निर्माण करावयाचे असते, आणि ते घर्षण सुटताना व चालू असताना सारखे राहावे लागते. एकदम अडले आणि एकदम सुटले की दोरी तुटते. चामड्याची चकती कोरडी पडली की नेमके हेच होते. तिला गुरांच्या पायांच्या हाडांतून काढलेले तेल पाजीत, म्हणजे चामड्याला ते मानवते, आणि मग ती चांगली पिळून पुसून घेत. खनिज तेलाने चामडे तसे मऊ राहत नाही. करडईच्या रोगणासारख्या घट्ट होणाऱ्या तेलाने चकती चिकटून बसेल. जुन्या रिळात ॲस्बेस्टॉसच्या चकत्या आढळल्यास त्या घासू किंवा फुंकू नयेत. ओल्याच उचलून बाजूस ठेवाव्यात, आणि त्यांच्या जागी कर्बतंतूंच्या चकत्या टेफ्लॉनयुक्त ग्रीसचा पुसट थर देऊन बसवाव्यात. काढलेल्या चकत्या आणि त्यांवरील मळ बंद पिशवीत घालून रिळाबरोबर ठेवला तर पुढच्या अभ्यासकाला त्या रिळाने आजवर काय काय खाल्ले हे तपासण्याची सोय राहते.